जॅमच्या कुकीज पसरतात, जॅम ट्रेवर वाहतो: काय तपासायचं आणि कोणत्या क्रमाने

घरी जॅमच्या कुकीज बिघडल्या की पहिला आळ बरणीवर येतो. "जॅम पातळ होता" म्हणून दुसरी, महागडी बरणी येते आणि ट्रेवर तोच काळा चिकट थर पुन्हा बसतो. बहुतेक वेळा आधी कुकी बसलेली असते आणि मग जॅमला वाट मिळते. म्हणून बरणी बदलण्याआधी ट्रे नीट बघा.

लक्षणं

कुकी धिरड्यासारखी चपटी झाली, जॅम भरायचा मधला खळगा नाहीसा झाला आणि जॅम वर पसरून चकचकीत थर झाला, तर पीठ गरम होतं किंवा ओव्हन पुरेसा तापलेला नव्हता.

कुकीचा आकार जागच्या जागी आहे, पण जॅम उकळून काठावरून उतू गेला आणि खाली गोल डाग करपला, तर जॅम जास्त झाला, पातळ होता किंवा वरची आच तेज होती.

काठाला भेग आहे आणि जॅम त्या एकाच बाजूने ओघळला आहे, तर पीठ कोरडं किंवा फार थंड होतं. इंदूरला ही तऱ्हा डिसेंबर-जानेवारीत दिसते, चपट्या कुकीची तऱ्हा एप्रिल ते जूनमध्ये. एकच घर, एकच कृती आणि दोन उलट बिघाड. उन्हाळ्यातला उपाय थंडीत लावला की नेमकं हेच होतं.

खळग्याचा तळ फुगून वर आला आणि त्याने जॅमला बाहेर ढकललं, तर बेकिंग पावडर, सोडा किंवा नको इतकं फेसणं.

भाजून निघाल्या तेव्हा छान होत्या, दुसऱ्या दिवशी मधोमध मऊ पडल्या आणि डब्यात एकमेकींना चिकटल्या, तर ते वाहणं नाही. पण मूळ जॅममधल्या पाण्यातच आहे, म्हणून तेही खाली घेतलं आहे.

कोणतं प्रमाण धरलं आहे

पुढचं सगळं या मापाला धरून आहे: मैदा 150 ग्रॅम, कॉर्नफ्लोअर 15 ग्रॅम, बटर 100 ग्रॅम, पिठीसाखर 50 ग्रॅम, लागलंच तर 1 ते 2 छोटे चमचे दूध, आणि भरायला 70 ग्रॅम जॅम. बाजारातलं पिवळं टेबल बटर खारट असतं, त्यामुळे वेगळं मीठ नको. बेकिंग पावडर नाही, अंडं नाही. 15 ग्रॅमचा एक गोळा धरला तर 20-21 कुकीज होतात. ओटीजीत, म्हणजे घरच्या छोट्या विजेच्या ओव्हनमध्ये, मधला कप्पा, दोन्ही रॉड चालू, 170 अंश सेल्सिअस, 15 ते 17 मिनिटं. तुमच्या कृतीत याहून फार वेगळं काही असेल, विशेषतः साखर बटरच्या बरोबरीने असेल, तर त्या कुकीज पसरणारच. ती कृती खळग्यासाठी नाहीच.

आधी तीन कुकींची चाचणी

ही फुकटची तपासणी आहे आणि खालच्या अर्ध्या तपासण्या ती वाचवते. पीठ तयार झालं की पूर्ण ट्रे भरू नका. तीनच गोळे घ्या. पहिल्यात खळगा करा आणि रिकामा ठेवा. दुसऱ्यात नेहमीसारखा जॅम भरा. तिसऱ्यातही तेवढाच जॅम, पण भरण्याआधी तो गोळा खळग्यासकट अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवलेला. तिन्ही एकाच ट्रेवर, मध्यभागी, एकाच वेळी भाजा. उरलेलं पीठ तोवर झाकून फ्रिजमध्ये. दोन दिवस सहज टिकतं.

आता वाचा. रिकामी कुकीही चपटी झाली आणि थंड केलेली नीट राहिली, तर दोष पिठाच्या तापमानाचा. थेट तपासणी 4 वर जा. तिन्ही चपट्या झाल्या, तर सामानाच्या मापात किंवा ओव्हनमध्ये गडबड आहे. रिकामी नीट राहिली आणि जॅमच्या दोन्ही उतू गेल्या, तर खरोखरच जॅमचा दोष. रिकाम्या कुकीचा तळच उचलला गेला, तर फुगवणारं काहीतरी पिठात गेलं आहे. फक्त थंड केलेली तिसरी तडकली, तर तुमचं पीठ कोरडं आहे आणि फ्रिजने त्यात भर घातली.

तपासणी 1: जॅम किती घालता

एका कुकीला अर्धा छोटा चमचा, सपाट. वजनात साधारण 3 ग्रॅम. हा अंदाज डोळ्याने घेऊ नका, मापाचा 2.5 मिलीचा चमचा वापरा. घरातला चहाचा चमचा "अर्धा" भरला की त्यावर ढीग उभा राहतो आणि 5-6 ग्रॅम सहज जातात.

भरल्यावर जॅमची पातळी काठाच्या किंचित खाली, दोन मिलिमीटर तरी, दिसली पाहिजे. जॅम तापला की त्यातलं पाणी बुडबुडे धरतं आणि तो वर चढतो. दूध उतू जाताना भांड्यात मोकळी जागा लागते तशीच ही. भाजल्यावर खळगा अर्धा रिकामा दिसतो म्हणून आधीच चोंदून भरायचा मोह होतो. तसं करू नका. कमी वाटलं तर ओव्हनमधून काढल्याबरोबर वरून एक थेंब घाला, गरम कुकीवर तो स्वतःच बसतो.

तपासणी 2: जॅम किती घट्ट आहे

बरणीवरचं लेबल वाचा. ज्याला कायद्याने "जॅम" म्हणता येतं त्यात विद्राव्य घन पदार्थ, म्हणजे मुख्यतः साखर, वजनाने किमान 65 टक्के असावे लागतात. उरलेलं तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास पाणीच. "फ्रूट स्प्रेड", "कमी साखरेचा", "शुगर फ्री" असं लिहिलेल्या बरण्यांमध्ये पाणी याहून जास्त असू शकतं आणि ते भाजताना उकळतं. पोळीला लावायला छान, कुकीत नाही.

चाचणी सोपी. एक बशी दहा मिनिटं फ्रीजरमध्ये ठेवा, तिच्यावर अर्धा चमचा जॅम टाका आणि बशी उभी धरा. दहा सेकंदांत थेंब जागचा हलला नाही तर जॅम ठीक. ओघळ धरला तर आटवायला हवा.

आटवायचं असं: 100 ग्रॅम जॅम जाड बुडाच्या छोट्या कढईत, मंद आचेवर, सतत ढवळत 4 ते 5 मिनिटं. उतरवल्यावर 85 ते 90 ग्रॅम भरला पाहिजे. याहून जास्त आटवलात तर भाजल्यावर दाताला चिकटणारी गोळी होते, चिक्कीच्या पाकासारखी. पूर्ण गार करून मगच भरा. गरम जॅम कच्च्या पिठावर पडला की खालचं बटर तिथेच वितळतं आणि तळाला भोक पडतं. पुष्कळदा ट्रेला चिकटलेला जॅम वरून ओघळलेला नसतो, तो या भोकातून उतरलेला असतो.

घरचा जॅम थर्मामीटर लावून करत असाल तर एक गोष्ट ध्यानात घ्या. पुस्तकांत आणि व्हिडिओंत जॅम होण्याचं तापमान 104-105 अंश दिलेलं असतं. ते समुद्रसपाटीचं आहे. इंदूर समुद्रसपाटीपासून साधारण 550 मीटर उंचावर आहे, इथे पाणीच 98 अंशांच्या आसपास उकळतं. त्यामुळे आपल्याकडे जॅम 102-103 वर तयार होतो. 105 ची वाट बघत बसलात तर तो गोळीबंद होईल. कुकीच्या पिठावर मात्र एवढ्या उंचीने काही फरक पडत नाही, तिथे उंचीला दोष देऊ नका.

साखरांबा भरायची हौस मराठी घरांत असतेच आणि चवीला तो कोणत्याही मिक्स फ्रूटपेक्षा सरस. पण साखरांबा म्हणजे फोडी आणि पाक. पाक वाहणार. फोडी चाळणीत पंधरा मिनिटं निथळू द्या, सुरीने बारीक चिरा आणि फक्त फोडी भरा. निथळलेला पाक चमचाभर आटवून भाजलेल्या कुकीवर लावा, चमक येते.

तपासणी 3: खळगा

अंगठ्याने केलेला खळगा दिसायला खोल आणि प्रत्यक्षात वेडावाकडा असतो, एका बाजूचा काठ नेहमी पातळ. मापाच्या अर्ध्या चमच्याची पाठ वापरा, पीठ चिकटत असेल तर ती मैद्यात बुडवून. गोळा हलकेच दाबून दीड सेंटिमीटर उंच ठेवा, खळगा एक सेंटिमीटर खोल, खाली तळाला अर्धा सेंटिमीटर पीठ राहिलं पाहिजे. दाबताना काठाला ज्या भेगा पडतात त्या प्रत्येक बोटाने सांधा. केसाएवढी भेगही ओव्हनमध्ये दार होते.

गोळे वळताना तळहातावर जोर देऊन गुळगुळीत वळा. सैल वळलेल्या गोळ्याच्या आत शिवण राहते आणि खळगा दाबला की ती उघडते.

तरीही त्रास होत असेल तर दोन टप्प्यांत भाजा. रिकाम्या खळग्यासकट 8 मिनिटं, बाहेर काढून चमच्याच्या पाठीने खळगा पुन्हा हलका दाबा, जॅम भरा, आणखी 7-8 मिनिटं. जॅमला ओव्हनमध्ये निम्माच वेळ मिळतो, आणि तोवर काठ घट्ट झालेला असतो. थोडी दगदग आहे, पण ज्यांना दर वेळी चांगल्या हव्यात त्यांनी हीच सवय लावावी.

तपासणी 4: पिठाचं तापमान

सगळ्यात जास्त कुकीज इथे बिघडतात, म्हणून इथे थांबून वाचा.

बटर 32 ते 35 अंशांच्या दरम्यान पूर्ण पातळ होतं. मे महिन्यात दुपारी इंदूरच्या स्वयंपाकघरात, पंखा बंद आणि ओटीजी तापत असताना, पारा तिथेच असतो. म्हणजे कुकी ओव्हनमध्ये जाण्याआधीच अर्धी वितळलेली असते. कुकी उभी राहते ती मैदा आणि साखर यांचा सांगाडा घट्ट होईपर्यंत बटर थोडं धरून राहतं म्हणून. बटरने आधीच हात सोडले तर सांगाडा धरण्यापूर्वी सगळं पसरतं.

फेसायला बटर 18 ते 20 अंशांचं हवं. थर्मामीटर नसेल तर बोट: दाबल्यावर खड्डा पडावा, पण बोट आरपार जाऊ नये आणि बटरवर तेलकट चमक दिसू नये. मेमध्ये फ्रिजमधून काढून तुकडे केले की पाच-दहा मिनिटांत ते तयार होतं, "रूम टेम्परेचरला तासभर ठेवा" ही ओळ आपल्यासाठी लिहिलेली नाही. जानेवारीत त्याच बटरला दीड-दोन तास लागतात. घाई म्हणून ते मायक्रोवेव्हमध्ये किंवा गॅसशेजारी ठेवू नका. एका कोपऱ्यातून वितळलेलं बटर पुन्हा थंड केलं तरी पहिल्यासारखं होत नाही, फेसताना त्यात हवा धरत नाही आणि कुकी तेलकट लागते.

उन्हाळ्यात दोनदा थंड करा. मळलेलं पीठ झाकून 30 मिनिटं फ्रिजमध्ये, मग गोळे आणि खळगे, मग ट्रेसकट आणखी 20 मिनिटं. फ्रिजमध्ये ट्रे मावत नसेल तर गोळे ताटात ठेवा आणि भाजायच्या क्षणी उचला. थंड गोळा चिमटीत धरला तर बोटाचा ठसा उमटू नये. त्याहून सोपा उपाय म्हणजे वेळ बदला. माळव्यातली पहाट मेमध्येही दुपारपेक्षा पुष्कळ सुसह्य असते. सहाला पीठ मळून सात वाजता ट्रे आत गेला तर निम्मी लढाई संपते.

थंडीत उलटं. पीठ फ्रिजमध्ये ठेवूच नका. गोळा वळताना कडा तडकत असतील तर एक छोटा चमचा दूध शिंपडा, हाताने एकत्र करा आणि दहा मिनिटं ओट्यावर झाकून ठेवा. याहून जास्त नको.

पावसाळ्याची गोष्ट वेगळी. उघड्या डब्यातला मैदा हवेतली ओल धरतो, तेवढंच वजन केलं तरी कोरडा मैदा कमी भरतो आणि पीठ सैल येतं. अशा वेळी 10 ग्रॅम मैदा वाढवा, त्याहून जास्त नको. मैदा मंद आचेवर कढईत गरम करून ओल काढायचा सल्ला मिळतो, तो मानत असाल तर मैदा पूर्ण गार झाल्यावरच वापरा.

तपासणी 5: ट्रे

पहिला घाणा छान आणि दुसरा पसरला, असं होत असेल तर दुसरं काही तपासू नका. तापलेल्या ट्रेवर गोळे ठेवले की तळचं बटर ओव्हनमध्ये जाण्याआधीच वितळतं. दोन ट्रे ठेवा किंवा पहिला हाताला पूर्ण गार लागेपर्यंत थांबा. तापलेला ट्रे नळाखाली धरू नका, पातळ पत्र्याचा ट्रे वाकतो आणि मग कायम एका कोपऱ्यात जॅम गोळा होतो.

ट्रेला तूप किंवा बटर लावायची गरज नाही. या पिठात स्निग्धांश भरपूर आहे आणि तुपावर कुकी घसरून आणखी पसरते. बटर पेपर घाला, मेण लावलेला कागद नको. कुकींमध्ये तीन सेंटिमीटर अंतर ठेवा. काळ्या ट्रेत तळ लवकर लाल होतो, त्यात तापमान 10 अंशांनी उतरवा.

तपासणी 6: सामान आणि मापं

वाटीने मोजत असाल तर वजनकाटा घ्या. 240 मिलीचा कप मैद्याच्या डब्यात बुडवून भरला तर 150 ग्रॅमपर्यंत जातो, चमच्याने सैल भरला तर 125 च्या आसपास. म्हणजे तीच कृती, तोच कप, आणि मैद्यात 25 ग्रॅमचा फरक. एवढा मैदा कमी पडला तर कुकी पसरायला दुसरं कारण लागत नाही.

बटरचं वेष्टन उलटून बघा. टेबल बटरमध्ये दुधाचा स्निग्धांश किमान 80 टक्के असतो. शेजारच्याच खणात ठेवलेल्या, तशाच पिवळ्या आणि थोड्या स्वस्त पाकिटावर "फॅट स्प्रेड" लिहिलेलं असतं. त्यात स्निग्धांश 40 टक्क्यांपासून सुरू होतो आणि बाकीचं बरचसं पाणी. त्याच्या कुकीज वाफाळतात आणि बसतात. घरचं सायीचं लोणी वापरत असाल तर थंड पाण्यात दोन-तीनदा धुऊन ताक पूर्ण काढा, मग स्वच्छ पंच्यात दाबून पाणी टिपा. तूप वापरायचं असेल तर 100 ग्रॅम बटरच्या जागी 80 ग्रॅम, आणि तेही थिजलेलं, दाणेदार. पातळ तुपात केलेलं पीठ नानखटाईला चालतं कारण नानखटाई पसरून तडकलेलीच हवी असते. इथे तोच गुण दोष होतो.

साखरेचा एक खास इंदुरी घोटाळा आहे. सियागंजच्या बाजारात किंवा कोपऱ्यावरच्या किराण्यात पिसी साखर मागितली की कधी पिठीसाखर मिळते आणि कधी बूरा. बूरा पाक आटवून, घोटून केलेला असतो. बोटांत चोळला तर बारीक रवा लागतो. लाडवाला उत्तम, पण कुकीत तो पिठीसाखरेपेक्षा उशिरा विरघळतो आणि कुकी जास्त पसरते. घरी मिक्सरला साखर दळत असाल तर चाळून घ्या, चाळणीवर राहिलेले दाणे पुन्हा दळा.

फेसणं हाताने दोन-तीन मिनिटं, मशीनने एक मिनिट. रंग जरा फिका झाला की थांबा. केकसारखं पांढरंशुभ्र, फुललेलं फेसलं तर त्यातली हवा भाजताना फुगते, तळ उचलते आणि मग सगळं बसतं. बेकिंग पावडर "चिमूटभर" घातली असेल तर ती काढून टाका.

तपासणी 7: ओव्हन

ओटीजीचा दिवा विझला म्हणजे आतलं तापमान जुळलं, असं नाही. तो एकदा विझला एवढंच कळतं. 15 मिनिटं तापू द्या आणि दार उघडून ट्रे ठेवायला दहा सेकंदांपेक्षा जास्त घेऊ नका. फक्त खालचा रॉड चालू असेल तर तळ करपतो आणि वरचा काठ उशिरा घट्ट होतो. फक्त वरचा असेल तर जॅम उकळतो आणि कुकी कच्ची राहते. पंखा चालू ठेवत असाल तर 20 अंशांनी कमी करा.

नॉबवर 170 लिहिलं म्हणजे आत 170 असतं असं धरू नका. ओव्हन थर्मामीटर काही शे रुपयांत मिळतो आणि जॅमच्या महागड्या बरण्यांपेक्षा तो पैसा लवकर वसूल होतो. तो मधल्या कप्प्यावर, जाळीच्या मध्यभागी, कुठे टेकणार नाही असा ठेवा. वीस मिनिटं थांबा, मग दिवा लागल्यावर आणि विझल्यावर काय आकडा दिसतो तो तीनदा लिहून घ्या. 10-15 अंशांची चढउतार नेहमीची. सरासरी 150 आली तर नॉब 190 वर ठेवून पुन्हा बघा. फरक कायम तेवढाच राहत असेल तर ओव्हन बिघडलेला नाही, फक्त त्याचा आकडा खोटा आहे. चिठ्ठी चिकटवा आणि पुढे जा.

थर्मामीटर आणायचा नसेल तर साखर वापरा. साखर साधारण 186 अंशांना वितळते. फॉइलच्या छोट्या वाटीत चमचाभर साखर ठेवून नॉब 175 वर, पूर्ण तापल्यापासून 15 मिनिटं. वितळली तर ओव्हन नॉबपेक्षा गरम आहे. न वितळल्यास 200 वर नेऊन पुन्हा 15 मिनिटं. तरीही दाणे कोरडेच राहिले तर ओव्हन थंड आहे.

संध्याकाळी सातला केलेल्या कुकीज बिघडतात आणि सकाळच्या नाही, असं दिसत असेल तर व्होल्टेज पाहा. रॉडची उष्णता व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे बदलते. 230 च्या जागी 200 व्होल्ट आले तर रॉड सुमारे 76 टक्केच ताकदीने तापतो. घरात एसी, गीझर आणि ओटीजी एकाच वेळी चालत असतील तर आधी ती दोन बंद करून भाजून बघा.

कढईत मीठ घालून किंवा कुकरमध्ये भाजणाऱ्यांसाठी एवढंच: वरून आच नसल्यामुळे काठ उशिरा धरतो, म्हणून या कुकीज तिथे भरवशाने होत नाहीत. त्याच भांड्यात नानखटाई करा. बेकरीच्या भट्टीवर ट्रे पाठवत असाल तर तिथली आच तेज असते. जॅम आधी भरू नका, रिकाम्या खळग्याच्या कुकीज भाजून आणा आणि आटवलेला गरम जॅम घरी भरा.

दुसऱ्या दिवशी मऊ पडत असतील तर

जॅममधलं पाणी हळूहळू कोरड्या कुकीत झिरपतं, ते थांबवता येत नाही. उशीर मात्र करता येतो: जॅम आटवलेला वापरा, कुकी पूर्ण गार झाल्यावरच डब्यात भरा, थरांमध्ये बटर पेपर घाला. दिवाळीसाठी आठवडाभर आधी करायच्या असतील तर रिकाम्या भाजून हवाबंद ठेवा आणि पाहुण्यांच्या दिवशी सकाळी जॅम भरा. डबा बाहेरून पुसायला विसरू नका, मुंग्यांना एक थेंब पुरतो.

इथे हात थांबवा

उकळता जॅम पाण्यापेक्षा जास्त तापलेला असतो आणि त्वचेला चिकटून राहतो. हातावर पडला तर लगेच नळाच्या वाहत्या पाण्याखाली 20 मिनिटं धरा, बर्फ किंवा टूथपेस्ट लावू नका. फोड मोठा असेल, चेहऱ्यावर किंवा लहान मुलाला भाजलं असेल तर डॉक्टरकडे.

ओटीजीच्या बाबतीत खालचं काहीही दिसलं तर कुकीज विसरा, प्लग काढा आणि पुन्हा लावू नका: पत्र्याला हात लावल्यावर मुंग्या येणं, चालू करताच एमसीबी पडणं, प्लग किंवा वायर गरम होणं, जळक्या प्लास्टिकचा वास, रॉड अर्धाच लाल होणं किंवा त्यावर फुगवटा दिसणं, दिवा कधीच न विझणं. शेवटच्यात थर्मोस्टॅट चिकटलेला असू शकतो आणि मग तापमान वाढतच जातं. पाठचा पत्रा खोलून स्वतः बघायचा विचार करू नका. 2000 वॅटचा ओटीजी पावणेनऊ अँपिअर ओढतो. तो 6 अँपिअरच्या साध्या सॉकेटवर, किंवा चायना अडॅप्टर आणि एक्स्टेन्शनवर चालत असेल तर दोष ओव्हनचा नसून वायरिंगचा असू शकतो. तिथे इलेक्ट्रिशियन बोलवून 16 अँपिअरचा पॉइंट आणि अर्थिंग तपासून घ्या. ओव्हनच्या आतल्या दुरुस्तीसाठी कंपनीचं सर्व्हिस सेंटर, वॉरंटी असेल तर नक्कीच.

थर्मामीटरच्या आकड्यात फरक एका मर्यादेत राहत नसेल, म्हणजे एकदा 150 आणि नॉब न हलवता पुढच्या फेरीला 210, तरीही मेकॅनिककडेच जायचं. त्याला "बरोबर भाजत नाही" एवढंच सांगितलं तर तो रॉड बदलून देईल, पैसे घेईल आणि कुकीज तशाच पसरतील. नॉब कितीवर होता, दिवा लागताना आणि विझताना आत किती आकडा होता, तीन फेऱ्यांचे ते सहा आकडे कागदावर लिहून ओव्हनसोबत द्या.